बरणीचा घाम
भद्रावती, श्रावणातला शनिवार, संध्याकाळ

उद्या मुक्ताच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आणि आज घरात रडारड. तराजूच्या एका पारड्यात झाकणबंद बरणीत बर्फ, दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच वजनाचे गहू. बर्फ वितळला तरी तराजू हलणार नाही, हे तिला दाखवायचं होतं. तराजू हललाच!

"बाबा, बरणी जड होऊन राह्यली!"

मी संस्कृतचा मास्तर, किंकर्तव्यविमूढ. सौ. म्हणते, "सांगा न काई संस्कृतात! बरणीसंगं तुमालेबी घाम फुटला."

घाम! मुक्ता थबकली. "बाबा, हे बाहेरचं पाणी बर्फाचं नाईच, हवेतलं आहे!" तिनं ओढणीनं बरणी खसखसून पुसली. पारडी पुन्हा समतोल. पोरगी अंगणभर नाचली.

बरणीवरचा तो घाम नाहीसा नाही झाला, ओढणीत गेला. तीच ओलसर ओढणी उद्या प्रदर्शनात मिरवणार म्हणे. मिरव, बाई.