गणपतीच्या रजेची यादी

साहेब, परवा पुन्हा एका कंपनीत नव्या मॅनेजरांसमोर बोलायला गेलो होतो. माणसं कशी सांभाळायची हे मी शिकवतो म्हणे! तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. तुमची आठवण तशी नेहमीच येते, पण अशा दिवशी फार येते, आणि घरी परतताना वाटतं, जोगेश्वरीला उतरून तुमच्याकडे अर्धा तास बसता आलं असतं तर.

अंधेरीच्या कारखान्यात तुम्ही मला पॅकिंगचा सुपरवायझर केलंत, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. गिरण्यांचा संप फसल्यावर तिथून सुटलेले कोकणातले बरेच कामगार आपल्याकडे आले होते. मीही कोकणातलाच. गणपतीत चौघांनाच रजा देता येणार होती आणि अर्ज आले होते नऊ. गाववाल्यांवर मेहेरबानी केली असं कुणी म्हणू नये, म्हणून मी शहाण्याने अर्ज बाजूला ठेवले, खात्यातल्या झाडून सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि चार उचलल्या. यादी बोर्डावर लावून ऐटीत तुमच्या केबिनमध्ये आलो.

तुम्ही चहाची बशी खाली ठेवता. "चिठ्ठ्या उचलायला तुला सुपरवायझर केला काय रे? यातल्या दोघांनी रजा मागितलीच नव्हती. जा, विचारून ये त्यांना." मी जातो. दोघेही बौद्ध. त्यातला एक हसतोच, "गणपतीत घरी बसून काय करू, साहेब? मला सहा डिसेंबरला द्या ना. आई येते गावाहून, तिला दादरला न्यायचंय." तिथेच गिरणीतून आलेला एक म्हातारा कामगार मशीन पुसत असतो. त्याचा अर्ज होता, चिठ्ठी निघाली नव्हती. तो वर न बघताच म्हणतो, "थोरलो भाव अंथरुणात पडलो हा. यंदा मी गेलंय नाय तर आमचो गणपती पाटार बसाचो नाय."

मी परत येऊन म्हणालो, "चूक झाली हे कळलं. पण लावलेली यादी काढली तर उद्यापासून माझं कोण ऐकेल?" तुम्ही म्हणालात, "चुकलो म्हण. जीभ झडत नाही." मी बोर्डाकडे न जाता पॅकिंगला परतलो. तुम्ही जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाट पाहिलीत. मग स्वतः बोर्डापाशी गेलात, यादी काढलीत आणि सगळ्यांना म्हणालात, "ही चिठ्ठ्यांची अक्कल माझी. हा नको म्हणत होता, मीच ऐकलं नाही." मी शेजारीच होतो, साहेब. गप्प राहिलो. म्हातारा गावाहून परतला तो गुळाचं खाजं घेऊन, आणि पहिली पुडी त्याने माझ्या हातात दिली. "तुमीच साहेबांका समजावलात," म्हणाला. मी ते खाल्लं. तुम्ही त्यावर कधी एक शब्द काढला नाहीत. एकदा तरी चिडायला हवं होतंत.

तुमच्या आजारपणात मी दोनदा घरी आलो, ते हेच बोलायला. दोन्ही वेळा डॉक्टरांच्या आणि औषधांच्या गप्पा मारून उठलो.

तुमची मुलगी अजून त्याच घरात राहते. हे लिहिलेले कागद तिला नेऊन देता येतील, पण देणार नाही, मी स्वतःला ओळखतो. कारण परवाही मी नव्या पोरांना ही यादीची गोष्ट सांगितली. नेहमीच सांगतो. बोर्डापाशी उभा राहून सगळ्यांसमोर "मी चुकलो" म्हणणारा त्या गोष्टीत मी असतो. टाळ्या पडतात. तुम्ही त्यात कुठेच नसता.