पश्चिमेच्या भिंतीचं पोट

२२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. नियमित.
सासूबाई, म्हणजे अक्का, उगादी, म्हणजे इथला पाडवा, झाली की म्हैसूरला श्रीहरीकडे राहायला जाणार म्हणतात. श्रीहरी माझा साडू. त्याच्याकडे एसी आहे, बाकी काही नाही. पश्चिमेच्या खोलीतला उकाडा सोसत नाही, असं अक्कांचं म्हणणं. फार वाईट वाटलं. त्यांच्या बिसीबेळे भाताचा याच्याशी संबंध नाही. मी घरजावईही नाही. एचएसआर लेआउटमधला फ्लॅट सोडल्यापासून तात्पुरता इथे आहे. सहा वर्षं होतील.
ठराव: अक्का जाणार नाहीत.

२४ फेब्रुवारी
शोध! सासऱ्यांनी, विश्वेश्वरअण्णांनी, घर बांधताना पश्चिमेची भिंत दुहेरी घेतली होती, मधे पोकळी सोडून. परदेशात अशा पोकळीत इन्सुलेशन भरतात. व्हिडिओ पाहिले. आता या विषयात मला न कळणारं फारसं काही उरलेलं नाही.
जेवताना सगळ्यांना समजावलं. अण्णा म्हणाले, सरी (कानडीत ठीक आहे), तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असेल. बायको, कस्तुरी, ताट घेऊन उठली. एकंदरीत पाठिंबा आहे.

२८ फेब्रुवारी
यशवंतपूरहून थर्माकोलचे मणी आणले. बीनबॅगमध्ये असतात तेच. ऑटोत मागे पोती, पुढे ड्रायव्हरला चिकटून मी.

१ मार्च, रविवार
शिडी लावून बाहेरून भिंत ठोकली. एका कोपऱ्यात सगळ्यात पोकळ आवाज. तिथेच ड्रिल मारलं. अण्णा पावसाच्या पाण्याच्या पाइपाबद्दल काहीतरी सांगायला आले. म्हटलं, अण्णा, पाऊस जूनमध्ये, आत्ता उन्हाचं बोलू. ते सरी म्हणाले आणि आत गेले. समजूतदार माणूस.
मणी भराभर आत गेले.

७ मार्च
आणखी पोती. भिंतीचं पोट भरतच नाही. पोकळी मोठी, म्हणजे गारवाही मोठा.
अक्कांना विचारलं, फरक जाणवतो का? हो हो, खूप, म्हणाल्या आणि खोलीत जाऊन आतून कडी लावली. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून असेल.

१५ मार्च
नळाला पाणी नाही. अंगणातली जमिनीखालची टाकी तळाला गेली आहे. अण्णा टँकरवाल्याच्या मागे लागलेत. पाणी माझ्याकडचा विषय नाही.
श्रीहरीला कळवलं, एसीवाचूनही भागतं. त्याने नुसता अंगठा पाठवला. जळतोय.

१९ मार्च, उगादी
श्रीहरी सहकुटुंब हजर. घरच्या रिवाजाप्रमाणे आधी सगळ्यांनी तेल थापून घेतलं. आंघोळीला अक्का पहिल्या. नळातून पाणी कमी, मणी जास्त. मग दोन्ही बंद.
भिंतीतल्या पाइपातून गच्चीवरचं पावसाचं पाणी थेट त्या टाकीत उतरतं, आणि माझं भोक नेमकं त्या पाइपात पडलं होतं. हे मला कुणी नीट सांगितलंच नाही! टाकी आटल्यावर मोटरने तळाचं सगळं वर ओढलं.
निरीक्षण: थर्माकोल तेलाला घट्ट चिकटतो.
सगळं घर बादल्या घेऊन शेजारच्या राजलक्ष्मींच्या दारात उभं राहिलं. श्रीहरी हसला नाही. मुद्दाम.

२० मार्च
अक्का गेल्या. म्हटलं, थांबा, भिंत नव्याने भरतो. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि श्रीहरीला गाडी काढ म्हणाल्या. त्यांच्या अंबाड्यात एक मणी होता. सांगायचा धीर झाला नाही.

२२ मार्च, रविवार
दिवसभर टाकी उपसली. मणी परत पोत्यांत.
कस्तुरीला म्हटलं, एवढा उकाडा होत होता तर अक्कांनी एसी का नाही मागितला? ती म्हणाली, आईला उकाडा कधीच झाला नाही. आधी तुझं गच्चीवरचं खत झालं, मग सौर चूल, त्या चुलीत तिची सांडग्यांची परात गेली. जावयाला पुरे कसं म्हणायचं? म्हणून उकाडा.
पोत्यावर बसून राहिलो. अक्कांची फार आठवण आली. भाताचीही, खोटं कशाला.
संध्याकाळी पहिल्यांदाच त्यांच्या खोलीत जाऊन बसलो. बाहेर भिंतीवर मावळतीकडचं कडक ऊन, भिंतीच्या पोटात एक मणी नाही.
खोली छान गार होती.