पाटीवर न आलेलं वाक्य

प्रिय ठमे,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत टाकणार, हे धरूनच लिहितेय. टाकण्याआधी एवढं पान वाच. एकोणीस वर्षांनी थोरल्या बहिणीचा एवढा हट्ट पुरवायला हरकत नाही.

परवा आपल्या स्टुडिओवरून गेले. काचेच्या छपराखाली जिथे माझ्या तोंडाला पिवळा रंग फासायचे, तिथे आता फर्निचरचं गोदाम आहे. तू तिथेच खोक्यावर बसून माझ्या झग्यांना झालरी लावायचीस. दिग्दर्शक भोंग्यातून ओरडायचे, ‘रड!’ की मी रडायची. मूकपटात तोंडाने काय बोलतोय याला कोण विचारतो? नायकाच्या तोंडाला कांद्याचा वास यायचा, म्हणून मी डोळ्यांत प्राण आणून त्याला म्हणायची, ‘मेल्या, आधी चूळ भरून ये.’ पडद्यावरच्या पाटीवर अक्षरं यायची, ‘नाथ, मला सोडून जाऊ नका.’ सगळं थिएटर मुसमुसायचं आणि तू एकटी पोट धरून हसायचीस. लहानपणी तापात तुझे कान गेले, त्यानंतर ओठ वाचायला शिकलीस ती माझ्याच तोंडाकडे बघून. केवढा तोरा होता मला त्याचा!

आणि नेमकं तेच मी विसरले. तुरुंगाच्या त्या प्रसंगात काही केल्या रडू येईना. तिसऱ्यांदा कॅमेरा थांबला. मग डोळे भरावेत म्हणून मनात साचलेलं बोलत सुटले, की आई गेली आणि ही बहिरी धोंड माझ्या गळ्यात बांधून गेली, त्या तापातच ही गेली असती तर मी सुटले असते. धो धो रडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या खेळाला मीच तुला हौसेने पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. पाटीवर होतं, ‘देवा, माझ्या बाळाला सांभाळ.’ मी तुझ्याकडे वळले तेव्हा तू पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होतीस.

खोटं कशाला बोलू? त्या दुपारी ते खरंच वाटलं होतं. तू घर सोडून गेल्यावर मात्र एकाही दुपारी ते खरं वाटलं नाही.

त्यानंतर सात चित्रपट केले. प्रत्येकात कॅमेरा चेहऱ्याजवळ आला की मी एकच म्हणायची, ‘ठमे, चुकले गं. घरी ये.’ शत्रूला शाप देतानाही तेच. दिग्दर्शक वैतागायचे, शापात कसलं आलंय रडू? तू थिएटरची पायरी चढणं सोडलंस, हे स्टुडिओतल्या शिंपीकाकांनी मला फार उशिरा सांगितलं. मग बोलपट आले, लिहिलेलंच बोलावं लागायला लागलं, आणि माझा घोगरा आवाज सगळ्यांना नकोसा झाला. जुन्या रिळांचे डबे फिल्मवरची चांदी धुऊन काढण्यासाठी भंगारात गेले. तुझ्यासाठी बोललेलं सगळं त्यात धुऊन गेलं.

गेल्या महिन्यात घशातली गाठ काढली. गाठीबरोबर आवाजही गेला. ओठ हलतात, बाहेर काही येत नाही. शेजारीण मायाळू आहे, पण पाणी मागितलं की चादर आणते. डॉक्टर आता फार पुढचं बोलत नाहीत. माझं बोलणं कळेल असं एकच माणूस जगात उरलंय, आणि त्यालाच मी घालवलं. माफ नाही केलंस तरी चालेल. फक्त एकदा ये, समोर खुर्ची ओढून बस, आणि मी काय म्हणते ते बघ.

तुझीच,
ताई