साडूचं मॉडेल

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पण खरं काय घडलं ते कुठेतरी लिहिलेलं असावं.

साहेबांनी डेटाप्रमुखाची जागा काढली आहे. उमेदवार दोन. मी आणि माझा साडू. कुलपांच्या या कंपनीत त्याला मीच चिकटवला, बायकोच्या शब्दाखातर. आता तोच माझ्या डोक्यावर मिरे वाटतोय.

माझं साठ्याचं मॉडेल नऊ वर्षांचं. गोदामात कुलपं किती, कड्या किती, सगळे आकडे एका जागी. सेल्स, खरेदी, डिस्पॅच, सगळ्यांच्या एक्सेल शीट त्याला जोडलेल्या. सकाळी रिफ्रेश दाबा, ताजे आकडे घ्या. साडूने मध्यंतरी स्वतःचं वेगळं मॉडेल काढलं. आकडे तेच, वर रंगीत तक्ते. आणि ठेवलं कुठे? कॉमन फोल्डरमध्ये, माझ्या मॉडेलला खेटून.

संध्याकाळी ६
माझं मॉडेल कॉमनमधून उचललं आणि माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये हलवलं. शेजार वाईट असला की घर सोडावं. कोणाला सांगत बसलो नाही. त्यात सांगायचं काय?

४ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळपासून फोन. सेल्सची शीट रिफ्रेश होत नाही. खरेदीची होत नाही. ‘कनेक्शन सापडत नाही’ असा एरर. सगळीकडे एकाच दिवशी बिघाड, आणि तोही साडू वरच्या मजल्यावर साहेबांकडे जाऊन आल्यावर! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ, असं भोळे लोक म्हणतात. फांदी कावळाच मोडतो.

सगळ्यांना उपाय सांगितले. कॉम्प्युटर बंद करून चालू करा. पासवर्ड बदला. केबल काढून परत लावा. डिस्पॅचच्या बाईंनी विचारलं, तुम्ही तर काही हलवलं नाहीत ना? फटकळ बाई. नाचता येईना अंगण वाकडं, असं तोंडावर सुनावलं.

५ फेब्रुवारी, बुधवार
उपाय लागू पडले. दुपारनंतर एकही फोन नाही. सेल्सवाले साडूच्या टेबलाभोवती उभे होते. बहुधा त्याला फैलावर घेत असावेत.

जेवताना ही म्हणाली, अहो, धाकटीचा फोन होता. तिच्या नवऱ्याला यायला उशीर झाला म्हणे, ऑफिसातल्या सगळ्यांच्या शीट आपल्या मॉडेलला जोडून देत बसला होता. म्हटलं, तोडायच्या यानेच आणि जोडायच्याही यानेच. तिने आमटी वाढली आणि विषय बदलला. माहेरचा विषय निघाला की ही अशीच करते.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आज मीटिंगमध्ये डाव टाकला. म्हटलं, वापर मोजा. कोणतं मॉडेल कोणी उघडलं, किती वेळा उघडलं, सिस्टीमला सगळं कळतं. ज्याला गिऱ्हाईक नाही ते महिनाअखेर बंद. ज्याला जास्त, त्याचा मालक डेटाप्रमुख. साहेब खूश. म्हणाले, महिनाअखेर कशाला, पुढच्या शुक्रवारीच करू.

साडू मध्येच म्हणाला, साडूभाऊ, जरा थांबू या का? तुमच्या कनेक्शनमध्ये काहीतरी गडबड दिसतेय, आधी ती बघतो मी. माझं कनेक्शन हा बघणार! म्हटलं, आधी स्वतःच्या पायाखाली काय जळतंय ते बघ. घाबरलाय बेटा.

ठराव: साडूशी कामापुरतंच बोलायचं. डेटाप्रमुख झाल्यावर तेवढंही नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
वापराचा पहिला रिपोर्ट आला. साडूच्या मॉडेलसमोर नावांची ही लांबलचक रांग. माझ्यासमोर एकच, तेही नाव नाही, नुसता कॉम्प्युटरचा नंबर. पण वापर काय! दिवसातून चाळीस-चाळीस वेळा. त्याच्याकडे गर्दी, माझ्याकडे दर्दी. एवढ्या वेळा साठा बघावासा वाटेल असा माणूस या इमारतीत एकच आहे. साहेब.

११ फेब्रुवारी, मंगळवार
लिफ्टमध्ये साहेब भेटले. दोघंच होतो. हळूच म्हटलं, आवडतंय ना? ते म्हणाले, काय? म्हटलं, राहू दे, आपल्यातच असू दे. पुढचे तीन मजले ते छताकडे बघत होते. मोठ्या माणसांना भावना लपवाव्या लागतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार
हातात पुरावा असावा म्हणून सिस्टीमवाल्याकडून तो नंबर तपासून घेतला. म्हणाला, हा तर तुमचाच कॉम्प्युटर. कोणी येतंय का ते बघायला मी दिवसभर मॉडेल उघडतो, तोच वापर म्हणे. मग न विचारता अक्कल शिकवली: मॉडेल जुन्या जागी ठेवा, सगळ्यांच्या जुन्या शीट आपोआप चालू होतील, पाच मिनिटांचं काम आहे. हा साडूबरोबर चहा पितो. याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

मालकाचा वापर तिप्पट धरावा, असा साहेबांना मेल केला. उत्तर नाही.

भीती वाटतेय. लिहून ठेवतो, उद्या खोडून टाकीन. हा डेटाप्रमुख झाला तर रजेचा अर्ज याच्यापुढे धरायचा. आणि घरी सासूबाई काय म्हणतील ते वेगळंच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
साडू टेबलाशी आला. खाली वाकून म्हणाला, साडूभाऊ, आज संध्याकाळपर्यंत ते परत कॉमनमध्ये टाका. मी सगळ्यांना तुमच्याकडे वळवतो, कोणाला काही बोलत नाही. मी मुद्दाम आवाज चढवला. म्हटलं, आयत्या बिळावरच्या नागोबाने मला बीळ शिकवू नये! चार माणसं वळून बघायला लागली. त्याचा चेहरा उतरला. बरं वाटलं.

पाच वाजता कोणी बघत नाही असं पाहून कॉमन फोल्डर उघडला. आत त्याचं मॉडेल ऐसपैस बसलेलं. परत त्याच्याच मांडीला मांडी लावून बसायचं? फोल्डर बंद केला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
चार वाजता माझं मॉडेल बंद झालं. साडू डेटाप्रमुख. टाळ्या. मीही दोन वाजवल्या, सावकाश.

होऊ दे. सोमवारी कळेल. गोदाम अडेल, गाड्या उभ्या राहतील, साहेब धावत येतील. ठराव: पहिल्या फोनला उठायचं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला बघू.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११
नऊपासून फोनपाशी बसून आहे. वाजला नाही. उचलून बघितला, चालू आहे.

दुपारी १
गोदामात चक्कर मारली. गाड्या भरून निघत होत्या. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं म्हणतात. इथे शेरभरसुद्धा कोणी म्हटलं नाही.

दुपारी ३
फोन! डिस्पॅचच्या बाई. तुमच्याकडे एखादी खुर्ची जास्तीची आहे का, असं विचारत होत्या. दिली.

संध्याकाळी ५
साहेबांनी साठ्याचा मासिक तक्ता मागितला. दरमहा मीच देतो. आता आकडे आणायचे कुठून? स्क्रीन भिंतीकडे वळवली आणि शीट साडूच्या मॉडेलला जोडली. पहिल्याच क्लिकला जोडली गेली. काहीतरी एरर येईल म्हणून बराच वेळ वाट बघितली.

संध्याकाळी ६
नव्या डेटाप्रमुखांनी आजच्या वापराचा रिपोर्ट सगळ्या ऑफिसला पाठवला आहे. नवीन वापरणारे: एक. पुढे माझं पूर्ण नाव.