सहा चमच्यांचा जावई

बोरगाव मेघे, वर्धा
मंगळवार, दुपार

आष्टी तालुक्यातल्या यच्चयावत पंगतींचं भूषण, माझे बालमित्र गुलाबराव यांस,

रूपरावाचा मनापासून नमस्कार. तुझी तब्येत, वहिनींचे गुडघे, संत्र्याची बाग आणि ती मारकी म्हैस, सगळं ठीक असावं. (म्हैस ठीक नसली तरी मी फार वाईट वाटून घेणार नाही. मी एकशे एकतीस किलोचा असताना तिनं मला पळायला लावलं होतं.) आमच्याकडे सगळे बरे आहेत असं लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं काय ते पुढे येईलच.

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. तुझा नंबर आमच्या समीक्षानं, म्हणजे माझ्या लेकीनं, तिच्या आईच्या, मनकर्णाच्या, हुकमावरून माझ्या फोनमध्ये ब्लॉक करून ठेवला आहे. तो उघडता फक्त तिलाच येतो, आणि तिला विचारलं की आईला कळतं. पत्राला अजून तशी सोय निघालेली नाही.

तू गेले सहा महिने या घरात का आला नाहीस, हे दोघांनाही ठाऊक आहे. पण आपण दोघंही ते आपापल्या सोयीनं आठवतो, म्हणून एकदा नीट लिहून काढतो. माझी साखर वाढलेली, घोरणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, आणि स्कूटरवर बसलो की मागचं चाक दबायचं. तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. त्याआधी पंधरा दिवस नुसतं पातळ घ्यायचं, म्हणजे सुजलेलं लिव्हर आक्रसतं आणि कापाकापीला जागा होते, असं त्यांनी समजावून सांगितलं होतं. तेराव्या दिवशी, मनकर्णा देवळात गेलेली असताना, तू "आता जलमभर खायाले भेटणार नाई बावा" असं म्हणत डोळ्यांत पाणी आणून बेसनाच्या पाटोडीचा रस्सा आणि खव्याची जिलेबी घेऊन आलास. आपण तो डबा पुसून ठेवला. (पुसला तू. मी फक्त रस्सा प्यायलो, जिलेब्या तर जेमतेम सात खाल्ल्या.) मग साखर आभाळाला टेकली, ऑपरेशन आठ दिवस पुढे गेलं आणि मनकर्णानं तुला दारातच उभं करून सांगितलं, "भाऊजी, आता ह्या घरचा उंबरठा वलांडू नोका." मी तेव्हा आत पलंगावर झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. त्याची मला अजून लाज वाटते.

असो. ऑपरेशन झालं. पोटाचा बराचसा भाग डॉक्टरांनी काढून टाकला आणि केळ्याएवढी पिशवी माझ्या स्वाधीन केली. पहिले पंधरा दिवस वरणाचं पाणी आणि ताक, मग घोटलेलं, मग मऊ. आता सगळं चालतं, पण एका वेळी सहा चमचे. घास तीसदा चावायचा, आधी डाळ-अंड्याचं, मग उरल्या जागेत बाकीचं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. सातवा चमचा गेला की तो आणि त्याच्या आधीचे दोन परत येतात. गुलाब, ज्यानं तुझ्याबरोबर पैज लावून बावीस रोडगे खाल्ले, तो माणूस आज वाटीतल्या सहाव्या चमच्याकडे दडपणानं पाहतो. वजन शहाण्णव झालं, साखरेच्या गोळ्या बंद झाल्या, चपलासुद्धा मोठ्या होऊ लागल्या. शेजारच्या लीलाबाई मात्र रोज फाटकाशी येऊन हळू आवाजात विचारतात, "भाऊ, कोनता आजार हाय, सांगून तर द्या." वजनाचं खरं सांगितलं तर त्यांना पटत नाही.

तर माझं बरं आहे. काळजी आहे ती मनकर्णाची. तुला माहीत आहे, आमच्या आईनं तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, की घरधन्यापेक्षा बाईच्या ताटात जास्त नसावं. तेव्हा माझ्या ताटात आठ पोळ्या असायच्या, त्यामुळे या शिकवणीनं तिचं काही बिघडलं नाही. चार पोळ्या ती सुखानं खायची. आता माझ्यापुढे वाटी आली, तशी तिनं स्वतःपुढेही वाटी घेतली. मी सहा चमच्यांवर उठतो, तीही उठते, आणि भाजीच्या गंजावर झाकण पडतं. मी मुद्दाम वाटी हातात धरून बसून राहून पाहिलं, तर तीही हात वाळवत बसून राहते. एकदा तिला आग्रह करण्यासाठी मी खोटा सातवा चमचा घेतला आणि अंगणात जाऊन फार अपमानास्पद अवस्थेत उभा राहिलो. समीक्षानं तिचं रक्त तपासून आणलं, हिमोग्लोबिन आठावर. "आई, ऑपरेशन बाबाचं झालं, तुह्यं नाई," म्हणून ओरडली. मनकर्णा म्हणाली, "मले भूकच नाई." अंगठी माझी सुटली, तशा बांगड्या तिच्याही सुटल्या. माझ्या बारीक होण्याचं कौतुक झालं आणि तिचं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आता मागच्या रविवारचं ऐक. पुलगावला अण्णाजी, म्हणजे मनकर्णाचा मावसभाऊ, त्यांच्या नव्या घराची वास्तुशांती होती. मला पंगतीत वरच्या टोकाला, सगळ्यांत मोठा जावई म्हणून पाट. तुला रीत माहीत आहे, जावई हात धुवायला उठल्याशिवाय ओळीतलं कोणी उठत नाही. आणि मी तीसदा चावत होतो. पंधरा मिनिटांत बाकी सगळ्यांची ताटं साफ, आणि ओळच्या ओळ माझ्या जबड्याकडे बघत बसलेली. मागे दुसरी पंगत पाठीशी उभी, एकेकानं आपली जागा धरलेली. वाढपी बुंदीचं पातेलं घेऊन माझ्यापुढून सहा वेळा गेला. मी पानावर हात आडवा धरत होतो. पस्तीस मिनिटं झाली. मग कोणीतरी कुजबुजलं की जावई रुसले. गावात ही बातमी पसरायला किती वेळ लागतो? अण्णाजी पळत आले, हात जोडून उभे राहिले, "जावईबुवा, काई कमी पडलं का? आयेर पसंत नाई का?" आहेरातला दुपट्टा त्यांनी पुन्हा एकदा माझ्या खांद्यावर टाकला, वर आणखी एक नारळ.

खरं सांगायची सोय नव्हती, कारण मनकर्णानं माहेरी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगून ठेवलं आहे. (खाण्यापायी पोट कापावं लागलं हे माहेरी सांगायला तिला लाज वाटते. मला वाटत नाही, पण माहेर तिचं आहे.) तेव्हा मी समाधान झाल्याचा पुरावा म्हणून बुंदीचा एक मुटका तोंडात टाकला आणि उठलो. माझ्याबरोबर चाळीस माणसं सुस्कारा सोडून उठली. पुढच्या दहा मिनिटांत मला दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. एकदम गोड गेलं की असं होणार, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ते अण्णाजींना सांगितलं नव्हतं. नव्या घरात पहिल्याच दिवशी जावई आडवा, म्हणून भटजींना परत बोलावलं आणि माझ्यावरून लिंबू उतरवलं. अर्ध्या तासात मी आपोआप बरा झालो, त्याचं श्रेय लिंबाला मिळालं.

पण त्या गडबडीत मनकर्णा तिच्या पंगतीतून अर्ध्या जेवणावरून उठून धावत आली. निघताना अण्णाजींची बायको सीताबाई मला म्हणाली, "मनकर्णाबाई मस्त जेवाले बसली होती, तिसरी पोळी मांगून राह्यली होती, तुमी नेमकं तवाच पडले." तिसरी पोळी, गुलाब. सहा महिन्यांनी. बहिणींच्या गप्पांत, जेवणाऱ्या माणसांमध्ये बसली तर ती जेवते. भूक मेलेली नाही. माझ्यासमोर बसून मात्र तिला जेवता येत नाही. येताना बसमध्ये ती माझा घाम पुसत होती आणि मला रडू येत होतं. अशक्तपणा आहे असं मी तिला सांगितलं.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
रूपराव

ता. क. पत्र लिहिलं ते खरं यासाठी. रविवारी तू इकडे ये. येताना उपाशी ये. मला काही आणू नकोस, मला काही भरवू नकोस. तू मनकर्णासमोर बसून पोटभर जेव. पोळी माग, रस्सा माग, तळाची खरड माग. तिला तुझ्यासोबत बसव. या जिल्ह्यात जेवणाऱ्याला बघून भूक लागावी असा माणूस तू एकच आहेस.

दुसरा ता. क. मी बोलावलं असं म्हणू नकोस. सेवाग्रामच्या दवाखान्यात कोणाला तरी भेटायला आलो होतो, सहज डोकावलो, असं सांग. तिनं उंबरठ्यावर अडवलं तर या वेळी मी झोपेचं सोंग घेणार नाही. दारात तुझ्या बाजूला येऊन उभा राहीन.

भाऊजी, मी मनकर्णा. पत्र टेबलावर ठेवून हे आंघोळीले गेले. पाकिटावर पत्ता घालाले घेतलं तं वाचलं. दवाखान्याची बात सांगू नोका, सरळ येजा. राग तुमच्यावर नोहता, यायच्यावर होता, तुमी दारात भेटले म्हून तुमाले बोलली. आन भूक मरते ते वाटीनं नाई. समोर बसून हे सोताचे घास मोजतात, तीस झाले का नाई ते पाहतात. सहा महिन्यांत भाजी कशी झाली म्हून एक सबद नाई बोलले. रविवारी पाटोडी करतो. तुमी जेवजा, आन कशी झाली ते जरा मोठ्यानं सांगजा, यायले आयकू गेलं पायजे.