हॉलचा कॅमेरा ऑफलाईन

कोल्हापूर,
२० नोव्हेंबर

प्रिय धैर्यशील,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. आबा पडलेले नाहीत, दवाखान्यातही नाहीत. पण आठवडाभर ते नीट जेवत नाहीत, हॉलमध्ये बसत नाहीत, आणि त्याचं कारण मी आहे असं मला वाटतं. ‘वाटतं’ कशाला लिहू, आहेच. फोनवर सांगायला गेले तर मध्येच स्वतःची बाजू घेईन, म्हणून लिहिते आहे.

जूनमध्ये आबा न्हाणीघरात घसरले, त्यानंतर मी कळंब्याच्या घरात कॅमेरे बसवले ते तुला ठाऊक आहे. एक फाटकावर, एक स्वयंपाकघरात, एक हॉलमध्ये टीव्हीच्या वर. घर लांबट, एका राउटरचं वायफाय मागेपर्यंत पोचेना, म्हणून सिग्नल एकाकडून दुसऱ्याकडे पुढे नेणारं तीन डब्यांचं मेश घेतलं. मी दिवसभर कॉलेजच्या ऑफिसात आणि ते तिकडे एकटे. दहा वेळा तरी फोन काढून बघायचे. ही काळजी की पाळत, असं मी रोजनिशीत निदान चार वेळा लिहिलंय. उत्तर एकदाही लिहिलेलं नाही.

आबांना मात्र ती पाळत वाटली नाही, कारण त्या कॅमेऱ्यातून तूही बघतोस असं मी त्यांना सांगितलं होतं. “धैर्याला बी दिसतंय व्हय?” त्यांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला, तुझी शिफ्ट सुटायच्या वेळी, टोपी घालून ते हॉलच्या कॅमेऱ्यासमोर खुर्ची ओढून बसायचे. “काय पावणं, आज भाजी कसली? हितं मेथी हाय.” तुझ्या आणि स्वप्नालीच्या लग्नाला बडोद्याला यायचं ज्यांनी नाकारलं, सहा वर्षं तुझा फोन आला की जे माझ्या हातात देऊन उठून जात, तेच हे आबा. मला हसू यायचं, भरूनही यायचं. तू कधी यातलं काही बोलत नाहीस याचं आधी नवल वाटलं, मग राग आला. भाऊबीजेला तुझा फोन मी दोन वाक्यांत ठेवला तो त्याच रागाने.

गेल्या आठवड्यात ॲपवर एकेक कॅमेरा ऑफलाईन दिसायला लागला. मी राउटर बंद-चालू केला, पासवर्ड पुन्हा घातला, एक कॅमेरा तर ॲपमधून काढून नव्याने जोडला. काही होईना. इकडे कॅमेरा बंद आणि तिकडे आबा फोन उचलत नाहीत, असं झालं की मी हातातलं काम टाकून रिक्षा करून धावायचे. रविवारी हंबीररावांना बोलावलं. ते नेटची कामं करतात. आधी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत इलेक्ट्रिशियन होते, त्यामुळे भट्टीच्या आवाजावर बोलायची सवय अजून आहे. मेशचा मधला डबा मी नुकताच स्टीलच्या मांडणीमागे सरकवला होता. “अहो मॅडम, एवढी ताटं-वाट्या मधी! सिग्नल हितंच जेवाय बसला की!” एरवी आबा यावर खो खो हसले असते. हसले नाहीत. डबा खिडकीत आला. “ह्यो कॅमेरा दोन पॉइंट चारचा गडी हाय, पाचावर चढत न्हाय,” म्हणत हंबीररावांनी वायफायच्या त्या दोन पट्ट्यांना वेगवेगळी नावं दिली. फाटक दिसलं, स्वयंपाकघर दिसलं. हॉल येईना. ते स्टुलावर चढले आणि वरूनच ओरडले, “मॅडम, ह्याला करंटच न्हाय! वायर काढून घडी घालून ठेवलीया कुणीतरी!”

आबा दारात उभे होते. “मी काढलीया. बघणारा बघून गप बसतोय, तर दिवा कशाला जाळायचा?” एवढं म्हणून ते परसात गेले. हंबीररावांनी पहिल्यांदाच आवाज खाली आणला, “मी चा घिऊन जाऊ का तसाच जाऊ?”

ते गेल्यावर मी ॲपमध्ये शिरले. खरं लिहायचं तर तुला पकडायला. तू कधी बघतोस, बघतोस की नाही, याचा पुरावा हवा होता. तुझ्या नावापुढे लिहिलं होतं, ‘आमंत्रण प्रलंबित’. जूनपासून. खाली तुझा ईमेल. तुझ्या नावातलं ‘शील’ मी एस-एच-आय-एल असं टाकलं होतं, तुझ्या शाळेच्या वह्यांना कव्हर घालून मी लिहायचे तसं. पासपोर्ट काढताना तू ते बदलून डबल ई केलंस, हे मला माहीत होतं. रोजनिशीत नोंदसुद्धा आहे. ‘मेल पाठवलाय, बघ’ असा मेसेज मी केला, तू अंगठा पाठवलास, आणि तू आत आलास असं मी धरून चालले. मेल मिळाला नाही हे तू का कळवलं नाहीस, असं एकदा मनात आलं. ते वाक्य खोडणार होते, पण राहू दे. म्हणजे तू आबांना एक दिवसही बघितलेलं नाहीस. पाच महिने ते भिंतीशी बोलत होते आणि मी मनात तुला दगड म्हणत होते. हे कळूनही चार दिवस मी त्यांना काही सांगितलेलं नाही. जाते, डबा देते, परत येते.

आता ज्यासाठी बसले ते. तीन ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ऑफिसात जेवताना मी ॲप उघडलं, तर आबा भरदुपारी कॅमेऱ्यासमोर उभे, टोपी हातात. ते माझ्यासाठी नव्हतं, मी ऐकायला नको होतं. मी आवाज वाढवून ऐकलं. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड भरलं की जुनं आपोआप पुसलं जातं, त्यामुळे ते शब्द आता फक्त माझ्या वहीत आहेत. तिथून जसेच्या तसे उतरवते: “धैर्या, तुझ्या लग्नाला आलो न्हाई. लोक काय म्हणतील म्हणून न्हाई आलो, दुसरं कायबी कारण नव्हतं. चुकलं माझं. स्वप्नालीला घिऊन दिवाळीला ये. तिला खायाला काय आवडतंय ते आधी सांग, हितं कुणाला म्हाईत न्हाई.” तिचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. सबंध दिवाळी त्यांनी वाट बघितली. हे पत्र कुरिअरला देऊन मी तशीच कळंब्याला जाणार आहे आणि माझी चूक त्यांना सांगणार आहे. आधी पत्र, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. तू त्यांना माफ कर असं म्हणायचा हक्क मला नाही. तुझं उत्तर ‘नाही’ असलं तरी ते मला कळवू नकोस, त्यांनाच फोन कर. बडोद्याचा नंबर दिसला तर ते आता माझ्या हातात देणार नाहीत.

तुझीच, तुझं नाव चुकवलेली
अक्का