लाल टिपका

५ जाने. १९७१, धुळे
दोन्ही जिल्ह्यांतल्या लहान पोरांची एकच यादी करायची आहे. देवीची लस कोणाला टोचली, कोण राहिलं. धुळ्याच्या वह्या नानांनी उतरवायच्या, जळगावच्या मी, मग एकमेकांचं तपासायचं. टोचणाऱ्याने वहीत जी खूण केली तिचा अर्थ आपण काय धरला, तो बरोबर का, हे दुसऱ्याने खात्री करून मग सही. साहेबांचा नियम चांगला.
अडचण एवढीच की नाना माझे व्याही. शकू त्यांच्या घरी दिलेली.

६ जाने., धुळे
नानांकडेच उतरलो. यादी पाहिली. वह्यांत बऱ्याच पोरांपुढे लाल टिपका, नानांनी यादीत 'टोचले' लिहिलेलं. विचारलं. "आजोळी टोचलं, आबा. त्याची खूण आहे ती." कोणी सांगितलं, हे विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, विचारलं नाही. शकू पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मुलीच्या बापाने व्याह्याच्या ओट्यावर बसून उलटतपासणी करायची?
शेवेची भाजी जेवलो. सही केली. नातवाला मांडीवर घेतलं, पाच महिन्यांचा झाला.

१९ जाने., जळगाव
आमच्या वह्यांतही लाल टिपके. नानांचाच अर्थ धरला, फक्त उलट बाजूने: बापाच्या गावी टोचलं. काम भराभर उरकतंय.

२८ जाने.
आज आमच्याच गल्लीची वही. आमच्या घराच्या नोंदीत 'शकूचा मुलगा', पुढे लाल टिपका.
तो दिवस आठवला. शकू आदल्या दिवशी बाळाला घेऊन सासरी गेलेली. सौ. टोचणाऱ्याला म्हणाली, तिकडे टोचतील. त्याने टाक बुडवला, टिपका दिला. मी दारातच होतो.

३० जाने.
धरणगावला जाऊन जुन्या टोचणाऱ्याला गाठलं. "लाल टिपका म्हंजे पोऱ्या घर नही शे. दुसरं काय?" धुळ्याकडेही सगळ्यांची हीच खूण? "बठ्ठासनी एकच रीत शे, भाऊ." वर हसला, "इतला वरीस कागद लिखतस, नि हाई म्हाईत नही?"
म्हणजे टिपका एवढंच सांगतो की पोर घरी नव्हतं. गाव म्हणतं आजोळी टोचलं, आजोळ म्हणतं गावी. दोन्हीकडे टिपका आणि पोर तसंच. यादीत मात्र 'टोचले'. खाली दोघांच्या सह्या.

१ फेब्रु.
सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "नानांना या यादीवर हेडक्लार्कची जागा मिळायची आहे. शकूला त्या घरात राहायचंय. तुम्ही शकूला कार्ड टाका, बाळाला टोचून घे म्हणावं. बाकीचं साहेब बघतील."
साहेब कशावरून बघतील? आमच्या सह्यांवरूनच ना.

२ फेब्रु.
कार्ड लिहिलं. पेटीपाशी गेलो, परत आलो. आपलं तेवढं वाचवायचं आणि

३ फेब्रु.
जपाला बसलो. माळ अर्ध्यात थांबते. मणी पुढे सरकत नाही, पोरांची नावं येतात. सोनगीरकडच्या एकाच पानावर अकरा टिपके होते. कार्ड खिशातच आहे.

४ फेब्रु.
नानांचं पत्र. शेवटच्या सहीसाठी ते स्वतः येताहेत. 'पुरणपोळी करायला सांगा.' सौ.ने डाळ निवडायला घेतली. माझ्याकडे बघत नाही.

६ फेब्रु.
नाना सकाळच्या गाडीने आले. हातात यादीचं बाड, धुळ्याच्या वह्या, शकूने दिलेली पिशवी. चहा झाला. बाड माझ्यापुढे सरकवलं. "घ्या आबा, करा सही, म्हणजे दोघं सुटलो."
मी पेन उघडलं, बंद केलं. म्हटलं, "नाना, बाळाला टोचलं का हो?"
हसले. "म्हणजे काय? तुमच्याकडेच नाही का टोचलं? आमच्या गल्लीत टोचणारा आला तेव्हा सूनबाई बाळाला घेऊन तुमच्याकडेच होती, घरच्यांनी सांगितलं, तिकडे टोचतील. त्याने टिपका देऊन—"
तिथेच थांबले. सौ. दारात पोळीचा उंडा हातात घेऊन उभी.
मी म्हटलं, "आमच्याकडे नाही टोचलं, नाना."
त्यांनी कप खाली ठेवला. बाड बाजूला सारून वह्या ओढल्या आणि पहिल्या पानापासून टिपके बघू लागले. बोट ठेवून, एकेक.
आता दुपारचे तीन. अजून बघताहेत. पोळ्या झाकून ठेवल्यात.